बूमवाला हसत नाही

बाई स्टुलावरून पडल्या, टेबलावर आपटल्या, फुलदाणीत हात अडकवून उठल्या आणि "कुणी बघितलं नाही ना?" असं भिंतीला विचारून निघून गेल्या.

दिग्दर्शकाने तोंडात कोंबलेला टॉवेल काढला, "कट!" म्हणाला आणि हसता हसता खुर्चीतून घसरला. कॅमेरामन डोळे पुसत होता. मेकअपवाली भिंत धरून उभी होती. टेक चालू असताना हसायला बंदी असल्यामुळे "कट" ऐकताच सगळा सेट बांध फुटल्यासारखा खिदळायचा.

बाईंनी वर पाहिलं. बूमवाला नेहमीसारखाच उभा होता. हातांत लांब काठी, काठीच्या टोकाला माईक, कानांवर हेडफोन आणि चेहरा शोकसभेला पहिल्या रांगेत बसवल्यासारखा.

बाईंची सगळी कारकीर्द पडण्यावर उभी होती. पहिल्या चित्रपटात त्या मोलकरीण होत्या आणि जिन्यावरून पडल्या. पुढे वहिनी झाल्या, मावशी झाल्या, टीव्हीवर आल्या तेव्हा सासू झाल्या. बढती मिळत गेली, पडणं सुटलं नाही. रस्त्यात मुलं "धपाबाई!" म्हणून हाक मारायची. समीक्षक त्यांच्याबद्दल एकच वाक्य लिहायचे: 'धपाबाई याही चित्रपटात आहेत.'

पहिल्या चित्रपटापासून कंपनी तीच होती, आणि म्हणून बूमवालाही तोच. इतक्या वर्षांत तो एकदाही हसला नव्हता. तालमीत नाही, टेकला नाही, कट झाल्यावर नाही.

सुरुवातीला बाईंना राग यायचा. मग वाईट वाटायचं. हल्ली उरलं होतं ते निव्वळ कुतूहल. याचे दात दुखतात का? घरी काही दुःख आहे का? एकदा त्या मुद्दाम त्याच्याच पायाशी जाऊन पडल्या. त्याने पाय बाजूला घेतला.

"बाई, त्याच्यात तो पार्टच बसवलेला नाही," लाइटमन म्हणाला.

बाईंना ते पटत नव्हतं. बाकीच्यांचं हसणं त्या जाणून होत्या. दिग्दर्शक स्वतःच्या प्रसंगाला हसायचा, बाकीचे दिग्दर्शकाला बघून हसायचे. म्हणजे खरं बोलणारा चेहरा सेटवर एकच होता, आणि तो काय म्हणतोय ते स्पष्ट होतं.

त्यातच एका गंभीर चित्रपटाचं बोलावणं आलं. भूमिका आजारी आईची. अडीच तास पलंगावर झोपून डोळ्यांत पाणी आणायचं, शेवटी मरायचं. बक्षीस ठरल्यासारखंच. अट एकच होती: धपाबाई कायमची बंद. लोकांना आईच्या मरणात हसू यायला नको.

"हो म्हण गं ताई," धाकटी बहीण म्हणाली. "या वयात हाड मोडलं तर जुळायचं नाही. रडणं कसं बसल्या जागी करता येतं."

आज होकार-नकार कळवायचा होता. जेवणाच्या सुट्टीत बाई शेवटी बूमवाल्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, एक विचारू? माझं काम कसं होतं?"

त्याने हेडफोन खाली केला. थोडा विचार केला. "आवाज स्वच्छ आला, बाई," म्हणाला आणि वायर गुंडाळायला लागला.

झालं. एवढ्या कारकिर्दीचा निकाल लागला. बाई मेकअप रूममध्ये आल्या, दुखरा गुडघा खुर्चीवर ठेवला आणि फोन हातात घेतला. तेवढ्यात दार ढकलून एक ठेंगणी बाई आत आली. हातात औषधाच्या गोळ्यांची पट्टी होती.

"मी बूमवाल्यांची मिसेस. हे गोळ्या विसरले, त्या द्यायला आले," ती म्हणाली. मग दार लावून घेतलं. "खरं म्हणजे तुम्हाला बघायला आले. आमच्या ह्यांचं तुमच्याशी काय आहे, ते आज मला कळू दे."

"माझ्याशी? अहो, ते माझ्याकडे बघून साधं हसतसुद्धा नाहीत!"

"तेच तर! घरी येऊन हसतात. पहिला घास घेतला की सुरू. पाणी नाकात जातं, ताट सरकवतात, खुर्चीवरून खाली बसतात. शेजारी विचारतात, काय हो, बरे आहेत ना? आणि हे रोज नाही हं! तुमचं शूटिंग असेल त्याच दिवशी. लग्न झाल्यापासून बघतेय. काय झालं विचारलं तर म्हणतात, 'बाई पडल्या.' अहो, माणूस पडला तर इतकं हसतात का?"

हातातला फोन वाजला. गंभीर चित्रपटाचा दिग्दर्शक होता. बाईंनी फोन बंद केला आणि आरशासमोर पालथा ठेवला.

बाहेरून हाक आली, "बाई, शॉट रेडी! तेच पडणं, दुसऱ्या अँगलने!"

"आले रे!" बाई ओरडल्या. मग बूमवाल्याच्या बायकोचा हात धरला. "पण मग ते इथे का हसत नाहीत हो? एकदा तरी? मी इतकी वर्षं वाट बघतेय!"

"मीही तेच विचारलं," ती म्हणाली. "तर म्हणाले, 'मला एकदा हसू सुटलं की आवरत नाही. हसलो की काठी हलते. आणि काठी हलली की बाईंना पुन्हा पडावं लागतं.'"