कापितानची मध्यस्थी

लाँचचा आवाज वळणापलीकडून ऐकू आला, तशी अर्तेमियोने जाळी चौथ्यांदा उलगडली आणि चौथ्यांदा गुंडाळली.

"बाबा, आता तरी बोला आजीशी," लेयदी म्हणाली. "ही लाँच तिला शहरात नेणार, आणि तिथून ती परत येईल असं डॉक्टरलाही वाटत नाहीये."

"सासूशी जावई थेट बोलत नसतो गं. मधे तुझी आई असायची."

"आता मी आहे ना."

"तुला आमची भाषा कुठे येते?"

"तुम्ही शिकवलीत का?"

त्याने जाळी पाचव्यांदा उलगडली.

मधे फेलिसा असायची. सासूचं त्याला सांगायची, त्याचं सासूला; दोघं एकाच चुलीपाशी पाठमोरे बसलेले असले तरी. सहा वर्षांपूर्वी तापाने फणफणलेल्या फेलिसाला त्याने होडीतून दवाखान्यात नेलं आणि तो एकटाच परतला. त्यानंतर ती भाषा येणारी दोनच माणसं जगात उरली, आणि त्या दोघांना एकमेकांशी बोलायची बंदी. म्हातारीला स्पॅनिश यायचं ते एवढंच: 'मीठ' आणि 'नको'. लेक कशी गेली, हे तिला कुणी सांगूच शकलं नव्हतं.

लाँच काठाला टेकली. म्हातारी मांडीवर गाठोडं घेऊन ओंडक्यावर बसली होती. अर्तेमियो उठला, बसला, परत उठला. मग तरातरा गेला, तिच्याकडे पाठ करून उकिडवा बसला आणि बाजूला लोळणाऱ्या कुत्र्याचा कान धरला.

"कापितान," तो त्यांच्या भाषेत म्हणाला. जीभ गंजल्या कोयत्यासारखी अडत होती. सहा वर्षं घडवून ठेवलेलं सगळं त्याने एका दमात म्हटलं. "तिला सांग, फेलिसाला काही दुखलं नाही. नदीवर ऊन पडलं होतं. आईच्या हातची भाजकी केळी हवीत म्हणाली, आणि शांत झोपली."

लेयदीला हसू फुटलं. "आजीशी बोला म्हटलं होतं हो! त्या कुत्र्याला तर स्पॅनिशसुद्धा धड कळत नाही."

लाँचवाल्याने भोंगा वाजवला. म्हातारी जागची हलली नाही. मग ती धापा टाकत वाकली आणि तिने कापितानचा दुसरा कान धरला.

"कापितान, त्याला सांग, खोटं बोलता येत नाही त्याला अजून. काटा रुतला तरी अख्खं गाव गोळा करायची माझी लेक." ती दम घ्यायला थांबली. "आणि सांग, परत एकदा बोल म्हणावं. सावकाश."