अकरा अंगुस्तानं

"सापडलं," दप्तरखान्यातल्या बाई दारातूनच म्हणाल्या, आणि मास्तरांची कात्री कापडावर जागच्या जागी थांबली.

सात महिने मास्तर त्या कचेरीच्या पायऱ्या झिजवत होते. गिऱ्हाइकांचे कपडे सांभाळून, दर सोमवारी. सुनावणी उद्यावर येऊन ठेपली होती आणि पुरावा म्हणून हातात चिटोरंही नव्हतं.

सुनावणी भरपाईची होती. ज्यांच्या पूर्वजांना जहाजांत कोंबून आणलं, पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवलं, त्यांच्या वंशजांना सरकारने काही द्यावं की नाही, यावरून शहरात वर्षभर रान पेटलं होतं. सरकारी वकील मोठा पोचलेला गडी. दर बैठकीत त्याचा एकच प्रश्न असे. "गुलामगिरी संपली तेव्हा भरपाई कुणाला मिळाली होती का? एक नाव सांगा. एकच."

मास्तरांची अख्खी गल्ली अशा वंशजांचीच. मास्तर तेवढे उठून उभे राहायचे. "आमच्या खापरपणजोबांना मिळाली होती! हे दुकान त्यातूनच उभं राहिलंय!"

घरात हेच सांगत आले होते. सुटका झाली त्या दिवशी खापरपणजोबा एक सुई घेऊन याच उंबऱ्यावर बसले आणि नंतर भरपाई मिळाली. मास्तर ते अगदी डोळ्यांदेखत घडल्यासारखं सांगत. वकील हसून म्हणायचा, "कागद आणा, मास्तर."

आज कागद आला होता.

"नाव त्यांचंच?"

"त्यांचंच. धंदा शिवणकाम, पत्ता हाच. भरपाई घेतल्याची सहीही आहे."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. डोळे भरून आले तरी त्यांनी ते पुसले नाहीत. "बाई, तुमचे उपकार कसे फेडू? आमची सगळी गल्ली तुम्हाला दुवा देईल."

"मी फक्त कागद शोधला," बाई म्हणाल्या. त्यांनी लिफाफा टेबलावर ठेवला, पण हात काढून घेतला नाही.

मास्तर धावतच आत गेले आणि लाकडी डबी घेऊन आले. आत अकरा पितळी अंगुस्तानं होती, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायच्या टोप्या. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी मास्तर त्या डबीपुढे मान लववत आणि म्हणत, "ज्या बोटांनी ही घातली, त्यांच्यामुळे आम्ही दोन घास खातोय." आजवर एक दिवस चुकला नव्हता.

"अकरा वर्षं गुलामीत काढली त्यांनी," मास्तर म्हणाले. "वर्षाला एक."

बाईंनी एकेक उचलून पाहिलं. "सगळी वेगवेगळ्या मापांची आहेत."

"मीही हेच म्हणते," आतून चहा घेऊन येत मास्तरांची बायको म्हणाली. "हे शेवटचं तर माझ्या करंगळीतही जात नाही. यांच्या खापरपणजोबांचं बोट होतं की काडी?"

"त्या वर्षी उपासमार झाली असणार गं," मास्तर हळवे होऊन म्हणाले. "बोटं वाळली असतील बिचाऱ्यांची."

बाईंनी ते इवलंसं अंगुस्तान बराच वेळ तळहातावर धरलं, मग जपून डबीत ठेवलं. चहाला त्यांनी हात लावला नाही.

"मास्तर, हा कागद आज घरी एकदा नीट वाचून घ्या. मी समजावून सांगते."

"ती जुनी अक्षरं मला कुठली वाचता यायला? आणि मी एकट्याने का ऐकू? उद्या भरसभेत तुम्हीच वाचा."

"वाचायचा तर सगळा वाचावा लागेल. मला ओळ गाळता येत नाही."

"एक अक्षर गाळू नका!" मास्तर हसले. "त्या वकिलाने शेवटपर्यंत ऐकलं पाहिजे."

बाई आणखी काही बोलणार होत्या. पण मास्तरांनी तोवर त्यांच्या कोटाची उसवलेली बाही पाहिली होती. नको नको म्हणेपर्यंत त्यांनी कोट उतरवून घेतला आणि स्वतः टाके घातले, जन्माचं ऋण असल्यासारखे बारीक.

दुसऱ्या दिवशी सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. पहिल्या रांगेत मास्तर, शेजारी मांडीवर डबी घेऊन बायको. वकिलाने नेहमीचा प्रश्न टाकला. मास्तर उठले, एवढंच म्हणाले, "या बाईंचे आभार. आणि ज्यांनी सोसलं त्यांचे." मग खाली बसले.

बाईंनी चष्मा लावला. नाव वाचलं, पत्ता वाचला. भरपाई मिळाली, पोच दिली, सही केली. वकिलाचं हसू मावळलं. मागून टाळ्या-शिट्ट्या सुरू झाल्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मास्तरांनी बायकोचा हात घट्ट धरला. आयुष्यात इतकं कृतकृत्य त्यांना कधी वाटलं नव्हतं.

बाई थांबल्या होत्या. घोटभर पाणी प्यायल्या.

"थांबलात का? वाचा ना पुढे," मास्तर म्हणाले.

टाळ्या ओसरल्यावर बाईंनी वाचलं, "भरपाईचे कारण: कायद्यानुसार गुलाम मुक्त करावे लागल्याने सदर मालकाचे झालेले नुकसान. गुलाम एकूण अकरा, सर्व शिवणकामात तयार. सर्वांत लहान मुलगी, वय वर्षे सहा."