तळाचा नंबर

"अण्णाप्पा, डोळे झाकून घाल. सगळ्यात वरचं रेटिंग आहे!" दुकानदारानं ऑइलचा सीलबंद डबा काउंटरवर आपटला.

असल्या बाता ऐकून अण्णाप्पा मेस्त्रीला शिसारी यायची. याच ऑइलनं पोस्टमनकाकांच्या मोटारसायकलचं इंजिन तीन महिन्यांत जाम झालं होतं, आणि वर या दुकानदारानं काकांनाच झापलं होतं, 'तुम्ही गाडी फार दामटता.'

"रेटिंग देतं कोण? तुझा मेव्हणा?" म्हणत अण्णाप्पानं डबा उलटा केला.

तळाला खिळ्यानं कोरलेला गाडीचा नंबर होता. वळण त्याच्याच हाताचं. उरलेलं ऑइल गिऱ्हाइकासाठी राखून ठेवताना तो डब्यावर असाच नंबर कोरायचा.

"हरामखोरा, हा रिकामा डबा मी भंगारात दिला होता!"

"झाकण लावून, धुऊनपुसून तूच देतोस की," दुकानदार हसला. "तशा डब्याला भंगारवाला दोन रुपये जादा का मोजतो, ते विचारलंस कधी?"

गॅरेजवर काका ऑइलची वाट बघत बसले होते. मेस्त्री पचकन थुंकला. तोंडातली घाण काही गेली नाही.