सातवीचं नेटवर्क

बोंडअळीच्या त्या वर्षी दिग्रसजवळच्या गावात घरोघरच्या कापसावर फवारणी चालली होती, आणि औषधाचा उग्र वास आता कुणाच्या नाकाला जाणवतही नव्हता. शाळेतला एकुलता एक कॉम्प्युटर बंद पडलेला, म्हणून देवराव गुरुजींनी सातवीच्या पोरांना घरून रिकामे डबे आणायला लावले. डब्यांना सुतळी बांधून त्यांनी आठ पोरं पटांगणात ओळीनं उभी केली.

"आता तुम्ही एकेक कॉम्प्युटर. मागच्याचं कानानं आयकायचं अन् पुढच्याले तोंडानं सांगायचं. यालेच नेटवर्क म्हनतात."

'उद्या सुट्टी' हा निरोप त्यांनी ओळीत पहिली उभी असलेल्या राखीला दिला. डबे कानाला, मग तोंडाला लागत गेले. शेवटची पायल गोंधळून ओरडली, "गुरुजी, 'मले मळमळून राह्यलं' असं आलं!"

पोरं खो खो हसली. गुरुजींनाही हसू आवरेना.

"सुट्टीचा निरोप कोनं गिळला रे?"

एकेकाला विचारत ते मागे आले. पाचव्या जागी इंद्रजित पोट धरून खाली बसला होता. कपाळावर घाम, तोंडातून लाळ. गुरुजींनी त्याच्या हातातला डबा फिरवून पाहिला. फाटक्या लेबलवर तांबडा चौकोन होता, आणि त्यात कवटी.

गुरुजींनी दचकून मान वर केली.



ओळीत हसत हसत दुसरा निरोप सुरू झाला होता, आणि प्रत्येकाच्या तोंडाला तसलाच डबा होता.