लांब मण्यांची काडी

कस्तुरीच्या लेकीचे केस, भुवया, पापण्या, सगळं जन्मापासून कापसासारखं पांढरं होतं. डॉक्टर म्हणाले, "जनुकात बदल झालाय, यात कुणाचा दोष नाही. फक्त उन्हापासून जपा." पण सासरे भूपालअण्णा नातीचं तोंड बघायलाही तयार नव्हते.

पुढं त्यांच्या द्राक्षबागेत एका वेलीच्या एकाच काडीला बोटाएवढे लांब मणी लागले. बघायला आलेला तज्ज्ञही तेच म्हणाला, "जनुकात बदल झालाय." अण्णांनी काडीपुढं नारळ फोडला. तिला ऊन लागू नये म्हणून कपाटातली कस्तुरीची डोहाळजेवणाची साडी काढून वर बांधली. या काडीपासून होणाऱ्या नव्या वाणाला स्वतःचं नाव द्यायचंही ठरवून टाकलं.

काडी बघायला तासगावपासून लोकांची रीघ लागली, तसं अण्णांनी मुलाला हाक मारली.

"अरिहंत, ह्या दोघींना कस्तुरीच्या माहेरी सोडून ये. बाहेरची माणसं येत्यात, पोरीला बघून काय म्हंतील? आमच्या घरात असलं कवा निपजलं न्हवतं."

अरिहंत गाडीची किल्ली शोधायला लागला.

कस्तुरी भर दुपारी लेकीला कडेवर घेऊन बागेत शिरली. अण्णा बोंबलत येईपर्यंत छाटणीच्या कात्रीनं त्या काडीचे बारीक तुकडे झाले होते, आणि वरची साडी लेकीच्या डोक्यावर आली होती.



"तुमच्या बागंत बी असलं कवा निपजलं न्हवतं, मामा."