घरमालकाची भूमिका

कमरीपेठेतल्या मैदानावर सत्याप्पाच्या मंडळींचं नाटक चालू होतं. संवाद लिहिलेले नसायचे. ऐनवेळी सुचेल तसं बोलायचं. सत्याप्पा घरमालक झाला होता. मागच्या प्रयोगात तो डोळे वटारून ओरडला, तेव्हा लोक हसले होते. आज त्याला लहानपणचा खरा मालक आठवला, जात कळताच खोली रिकामी करायला लावणारा. तो माणूस ओरडला नव्हता. सत्याप्पाही भाडेकरीण झालेल्या मुलीशी मायेनंच बोलला, "अक्का, माझं काही नाही हो. आमची आई जुन्या वळणाची. आजच सामान हलवा." या वेळी कुणी हसलं नाही. समोर सतरंजीवर बसलेली त्याची आई दुर्गव्वा लगबगीनं उठली, हात जोडून त्या दिवशीसारखंच म्हणाली, "हलवतो, मालक. पोराला ताप आहे, सकाळपर्यंत राहू द्या." मालकाचं तेव्हाचं उत्तर सत्याप्पाला पाठ होतं. "नाही जमणार, अक्का," तो तितक्याच मायेनं म्हणाला.