प्लॉटमधली हाक

रंगनाथच्या प्लॉटवर पाया खणताना तीन हजार वर्षांपूर्वीची बाई निघाली. पुरातत्त्व खात्यातल्या मुळे मॅडमनी तिच्या जबड्याला एक नवं यंत्र लावलं आणि हाडात मुरलेला तिचा आवाज बाहेर आला. भाषा कुणालाच कळेना, पण ती घरातल्या कुणाला तरी जेवायला हाक मारतेय, एवढं रंगनाथला कळलं.

"काका, घराआधीच भाडेकरू आली तुमची," मॅडम हसून म्हणाल्या.

"हिला जाळलं कसं नाही?"

"तेव्हा घरातच पुरायचे. गेलेलं माणूस दूर जाऊ नये म्हणून."

रंगनाथ मातीच्या ढिगावर बसला. "मॅडम, हाड केवढं लागतं हो या यंत्राला?"

"नखाएवढं पुरतं."

बायकोच्या अस्थी त्याने महिन्यापूर्वीच प्रवरेत सोडल्या होत्या. शेवंताचा जीव मागे घुटमळू नये म्हणून मडकंसुद्धा आतून हात फिरवून धुतलं होतं.